‘घाबरू नको’ म्हटल्यानं भीती जात नाही : खेळणाऱ्या मुलींच्या मनाची तयारी

तालुकास्तरीय खो-खोचा सामना. संरक्षणाची पहिली तुकडी, तीन मुली, चुन्याच्या रेषेपाशी उभी आहे. त्यातली बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तळवे सारखे ट्रॅक पँटला पुसते आहे. ओठ कोरडे पडलेत, पोटात गोळा आलाय, दहा मिनिटांत दुसऱ्यांदा लघवीला जाऊन आली आहे. बाहेरून सर ओरडतात, “घाबरू नको गं!” मागून कुणाची तरी आई म्हणते, “हिंमत ठेव व माय!” दोघांची माया खरी. पण या दोन वाक्यांतून मुलीच्या हाती काय पडलं? भीती घालवायची कशी, हे तिला कुणीच सांगितलं नाही. तिला कळलं ते एवढंच, की आपली भीती बाहेर दिसते आहे.

हिंमत हा जन्मजात गुण आहे, एखादीत असतो, एखादीत नसतो, असं आपण धरून चालतो. खेळाच्या मानसशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. खो-खोत पळत्या खेळाडूला शिवायला अंग पुढे झोकून सूर मारणं जसं पायरीपायरीनं शिकवता येतं, तसंच मन सावरणंही शिकवता येतं. त्यालाही सराव लागतो, मोजमाप लागतं आणि चुका दुरुस्त कराव्या लागतात.

अंगात नेमकं काय होतं

सामना जवळ आला की शरीर ॲड्रिनलिन सोडतं. हृदय जोरात धडधडतं, मोठ्या स्नायूंकडे रक्त वळतं म्हणून बोटं गार पडतात, तळव्यांना घाम येतो, पचन मंदावतं म्हणून पोटात कालवतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर झोका वर टोकाला गेला की पोटात जे खळ्ळकन होतं, ते याच जातीचं. तिथे आपण त्याला मजा म्हणतो आणि मैदानावर भीती. मुलींना हे साध्या शब्दांत आधीच सांगून ठेवावं : “बोटं गार पडली म्हणजे अंग पळायला तयार झालं.” हे एकदा कळलं की निदान ‘मला काहीतरी होतंय’ ही दुसरी भीती पहिलीवर चढत नाही.

ही धडधड पूर्ण घालवायचीही नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांपासून हा विचार चालत आला आहे : ताण अगदीच नसला तर काम ढिलं होतं, फार झाला तर बिघडतं, आणि काम जितकं बारकाईचं तितका कमी ताण पेलवतो. कबड्डीत पकडीला उसळून जायला जोर लागतो, पण धनुष्याची दोरी सोडताना तेवढाच जोर अंगात असला तर बाण भरकटतो. त्यामुळे ‘शांत राहा’ हा मंत्र सगळ्या खेळांना सारखा लागू पडत नाही.

आत्मविश्वास येतो कुठून

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये याची चार उगमस्थानं मांडली. पहिलं म्हणजे स्वतः केलेलं आणि जमलेलं काम. दुसरं, आपल्यासारख्याच कुणालातरी ते करताना पाहणं. तिसरं, विश्वासातल्या माणसाचे शब्द. चौथं, स्वतःच्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यात पहिलं सर्वांत वजनदार. आणि आपण सगळा भार टाकतो तो तिसऱ्यावर, म्हणजे बोलण्यावर. ज्या मुलीनं सरावात तो डाव दहादा यशस्वी केलेला नाही, तिला “तुला जमेल” म्हटलं तर ते उसनं अवसान ठरतं. पहिल्या फाऊललाच ते गळून पडतं.

म्हणून पहिलं काम : तिच्याकडे जमल्याचा पुरावा साठवायचा.

सूर मारण्याच्या पाच पायऱ्या

खो-खोत सूर मारायला कचरणाऱ्या मुली प्रत्येक संघात असतात. यात भीती दोन गोष्टींची असते, लागण्याची आणि सगळ्यांसमोर फजिती होण्याची. दोन्हींवर उपाय एकच, पायऱ्या बारीक करायच्या.

मैदानाचा एक कोपरा खणून, खडे वेचून, माती भुसभुशीत करून घ्या. पहिली पायरी : गुडघ्यांवर बसून पुढे घसरायचं, हनुवटी वर, कोपरं सैल, भार छाती-पोट-मांडीवर. मनगटावर नाही. दुसरी : उकिडवं बसून. तिसरी : दोन पावलं चालत येऊन. चौथी : हळू धावत, समोर एकाच जागी उभ्या असलेल्या मैत्रिणीला शिवायचं. पाचवी : पळत्या मैत्रिणीला. प्रत्येक पायरी दहा वेळा. दहापैकी सात नीट झाल्या की दुसऱ्या दिवशी पुढची. चारपेक्षा कमी जमल्या तर एक पायरी मागे यायचं, आणि ही मागे येण्याची गोष्ट सगळ्यांसाठी नेहमीची ठेवायची, शिक्षा म्हणून नाही. दहापैकी दहा जमत असतील तर काम फार सोपं आहे, त्यातूनही विश्वास वाढत नाही. ‘हे काय, कुणालाही येतं’ असं मुलीला कळत असतंच.

इथे बिघडतं कुठे? पहिल्या आठवड्यातच सगळ्या संघासमोर एकेकीला थेट चौथ्या पायरीवर आणलं जातं. एखादीचं मनगट मुरगळतं. मनगट तीन आठवड्यांत बरं होतं, पण ती मुलगी पुढचं अख्खं वर्ष सूर मारायच्या ऐन क्षणी पाय आखडते. आणखी एक कारण बोलायला संकोच वाटतो म्हणून राहून जातं : कपडे. सैल टी-शर्ट सूर मारताना वर सरकतो, आतल्या कपड्यांचा आधार नीट नसतो, आणि मैदानाभोवती गावातली मुलं उभी असतात. मुलगी सूर टाळते आणि आपण म्हणतो, हिंमत नाही. आत घट्ट सायकलिंग शॉर्ट्स, अंगाला नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, टी-शर्ट आत खोचलेला, एवढ्यानं कित्येक मुलींचा सूर मोकळा होतो. वडिलांशी हे बोलता येत नसेल तर आईशी बोला, बाईंना बोलायला सांगा. पण बोला.

पुराव्याची वही

चाळीस पानांची साधी वही पुरते. सराव संपल्यावर, घरी जाण्याआधी, तीन ओळी लिहायच्या : काय केलं, किती जमलं, काय बदललं. एक नमुना :

“मंगळवार. खांबाजवळ वळणे, १० पैकी ६. डावा पाय घसरतो. शेवटच्या ३ वेळा पाय आधी टेकवला, तिन्ही जमले.”

या नोंदीत ‘छान’ नाही, ‘वाईट’ नाही, जिंकले-हरले नाही. आकडा आहे, कारण आहे आणि उपाय मुलीनं स्वतः शोधलेला आहे. सामन्याच्या आदल्या रात्री मागची दहा पानं तिनं वाचली की ‘मला जमणार नाही’ या वाटण्यासमोर तिच्याच अक्षरातला हिशेब उभा राहतो. वही बिघडते ती तीन प्रकारांनी. सर ती संघासमोर मोठ्यानं वाचतात आणि त्या दिवसापासून मुली खोटं लिहू लागतात. किंवा आठवड्याच्या सात नोंदी रविवारी एकदम लिहिल्या जातात. किंवा तीत फक्त इतरांशी तुलना भरते. वही मुलीची आहे, तिनं दाखवली तरच पाहायची.

साधारण अकरा ते तेरा या वयात वहीची गरज जास्त असते. या काळात मुलींची उंची झपाट्यानं वाढते. पाय लांब झाले, वजन वाढलं, कंबर रुंदावली, पण मेंदूकडे शरीराचा नकाशा जुनाच असतो. सहावीत सहज जमणारी लांब उडी सातवीत फळीवर चुकू लागते. “पहिली बरी खेळायची, आता लक्ष नाही” हे वाक्य याच वयाच्या मुलींना सर्वांत जास्त ऐकू येतं आणि बऱ्याच जणी इथेच खेळ सोडतात. त्यांना कारण सांगा. मागच्या वर्षीशी तुलना थांबवा, मागच्या चार आठवड्यांशी करा. दर तीन महिन्यांनी उंची मोजा. उंची भरभर वाढत असेल त्या काळात नवे अवघड डाव थोडे कमी आणि तोल व वळण्याचा सराव जास्त ठेवा.

श्वास : सहा सेकंद बाहेर

श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस त्या वेळी लगाम ओढते. म्हणून सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब हवा. नाकानं चार आकडे मोजेपर्यंत आत, ओठ शिट्टीसारखे करून सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर. असं सहा वेळा, म्हणजे एक मिनिट. खांदे वर जाता कामा नयेत. एक हात पोटावर ठेवला तर तो हलायला हवा.

‘खोल श्वास घे’ एवढंच सांगितलं तर मुली भराभर मोठे श्वास घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. दुसरी चूक म्हणजे हे थेट स्पर्धेच्या दिवशी शिकवणं. पंधरा दिवस रोज, तेही दमलेल्या अवस्थेत, एक फेरी धावून आल्यावर लगेच करून घ्या. मग ते अंगवळणी पडतं. कबड्डीत चढाईच्या आधी मिनिटभर मिळत नाही. तिथे मध्यरेषेकडे जाताना एकच लांब श्वास बाहेर सोडायचा, मग दम धरायचा.

कानात कोणता शब्द वाजतो

मनातल्या मनात आपण सतत काहीतरी बोलत असतो. मुलीच्या कानात ‘पडू नको, पडू नको’ वाजत असेल तर डोळ्यांसमोर पडणंच येतं. त्या जागी कामाचा शब्द बसवायचा : एक किंवा दोन शब्द, करायच्या कृतीचे, नकार नसलेले. संरक्षण करणारीसाठी ‘खांदा बघ’, कारण पाठलाग करणारीचा खांदा वळला की दिशा ठरते आणि नियमानुसार तिला मागे फिरता येत नाही. भालाफेकीत ‘कोपर वर’. लांब उडीत ‘शेवटचं पाऊल छोटं’.

हा शब्द मुलीच्या घरच्या बोलीत असावा, यावर आमचा भर आहे. अमळनेर-साक्रीकडची मुलगी घरी अहिराणी बोलते, यावल-रावेरकडची लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्याची पावरी किंवा भिलोरी. धावपळीत पुस्तकी मराठी शब्द आठवायला क्षणभर लागतो, आईच्या तोंडचा आपोआप येतो. शब्द तिला निवडू द्या. तुम्हाला त्याचा अर्थ कळला नाही तरी चालेल.

चुकीनंतरची सवयही आधी ठरवून ठेवायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘जर असं झालं, तर मी असं करीन’ अशी आधीच बांधलेली वाक्यं संकल्प कृतीत आणायला मदत करतात हे दाखवून दिलं. मैदानावर त्याचं रूप असं : “जर फाऊल झाला, तर मी दोन्ही तळव्यांची माती झटकीन, एक लांब श्वास सोडीन आणि माझा शब्द म्हणीन.” तीन ते चार सेकंदांत होतं. माती झटकणं हा दिखावा वाटेल, पण हाताला काम मिळालं की नजर खाली मातीत रुतत नाही. कबड्डीसाठी : “जर आधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरीत मी आधी कोपरा, म्हणजे कडेला उभी पकड करणारी, बघीन.” तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो आणि चढाईला ३० सेकंदच असतात. त्या गडबडीत नवा विचार सुचत नाही, ठरवलेलाच उपयोगी पडतो. सरावात मुद्दाम तशी वेळ आणा : गुणफलक दोननं मागे, एक मिनिट शिल्लक, बाजूला बाकी मुलींचा आरडाओरडा. आठवड्यातून दोनदा.

डोळे मिटून डाव पाहण्याचा सराव तीन मिनिटांचा असतो. स्वतःच्या डोळ्यांतून दिसतं तसं, खऱ्या वेगानं, पायाखालच्या मातीसह. पदक गळ्यात पडल्याचं चित्र रंगवणं सुखाचं आहे, पण त्यातून पाय शिकत नाहीत.

मोठ्यांच्या तोंडात काय असावं

“पोरासारखी खेळली!” ही खानदेशात, आणि सगळीकडेच, सर्वांत मोठी शाबासकी समजली जाते. मुलीच्या कानावर पडतं ते असं : चांगलं खेळणं हे मुळात मुलग्यांचं काम, तू आज चुकून केलंस. हे वाक्य सोडून द्या. “जन्मजात खेळाडू आहे” हेही सोडा, कारण मग हरल्यावर तो जन्मजात गुण गेला असंच ती समजते. तिनं केलेली कृती बोला : “दुसऱ्या डावात तू खांबाजवळ थांबलीस, घाई केली नाहीस.”

सामना चालू असताना बाहेरून एकानंच बोलावं. सर, बाबा, काका, आधीच्या वर्षीची कप्तान असे चौघे चार सूचना देतात तेव्हा मुलगी एकही ऐकत नाही. आणि सामना हरल्यावर मोटरसायकलवर मागे बसलेल्या मुलीला घरापर्यंत डावाचं शवविच्छेदन ऐकवू नका. पहिलं वाक्य, “पाणी पिलीस का? भूक लागली असेल.” एवढंच. खेळाबद्दल ती बोलली तर ऐका. नाही तर दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न : काय जमलं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय करून पाहशील.

पाहून शिकायला जवळचं उदाहरण लागतं. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियंका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या सामन्यांची चित्रफीत मुलींना जरूर दाखवा, पण विजयाचा जल्लोष नको. एखादी खेळाडू बाद झाली तिथे थांबवा आणि विचारा, पुढच्या दहा सेकंदांत तिनं काय केलं? त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे आपल्याच शाळेतून गेल्या वर्षी नाशिकला विभागीय स्पर्धेला जाऊन आलेली मुलगी. तिला बोलवा, आणि जिंकल्याबद्दल नव्हे, ती कशी घाबरली होती आणि मग तिनं काय केलं, हे सांगायला लावा.

मन खचलंय की रक्त कमी आहे

मुलगी मागे पडू लागली, चिडचिडी झाली, “मला नाही जमत” म्हणू लागली, की आधी शरीर तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे बारा जणींच्या संघात सातेक जणी असू शकतात. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. अशा मुलीला दम लागतो, पाय जड होतात आणि ती त्याचा अर्थ ‘माझ्यात हिंमत नाही’ असा लावते. बँड्युराचं चौथं उगमस्थान ते हेच. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी (६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) जेवणानंतर घ्यावी. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात ती दप्तरातच राहते. जेवणानंतर तासभर चहा नको, चहानं लोह कमी शोषलं जातं. बाजरीची भाकरी, मेथी किंवा शेपू, सोबत लिंबू, हे घरातलंच आहे. पण हिमोग्लोबिन कमी निघालं तर भाकरीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा.

पाळीबद्दल संघात मोकळेपणानं बोलणारी एक बाई हवी. किटमध्ये पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि एक गडद रंगाची जादा ट्रॅक पँट कायम असावी. पाळीत खेळायचं की नाही हे मुलीनं ठरवावं. सक्ती नको, बंदीही नको. पाळी नियमित झाल्यावर सलग तीन महिने चुकली तर सराव जास्त आणि खाणं कमी असं असू शकतं. तेव्हाही डॉक्टरच. आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकतो, त्या दिवसांत सकाळी आठनंतर मैदानावर थांबू नका. उन्हानं डोकं धरलेल्या मुलीवर मनाचे कसलेच सराव चालत नाहीत.

जिथे मुलीला शिवीगाळ होते, अंगाला नको तसा हात लागतो, रात्री-बेरात्री एकटीला संदेश येतात, तिथे वरचं सगळं फोल आहे. परगावी स्पर्धेला जाताना सोबत बाई असलीच पाहिजे. मुलीशी एकट्यानं बोलायचं तर उघड्या जागी, दार लोटून नाही. तक्रारीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, हे मुलींना नंबरासकट पाठ हवं. झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर तो खेळाचा प्रश्न राहत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तेव्हा लगेच लावायचा.

सामन्याचा दिवस

नवीन काहीही नको. नवे बूट नकोत, नवा डाव नको, नवा सल्ला नको. तीन तास आधी भाकरी-भाजी किंवा पोहे, तासभर आधी एक केळं. जळगावात ते शोधावं लागत नाही. एसटीनं येणाऱ्या संघानं तासभर आधी पोहोचावं आणि मुलींनी मैदान चालून पाहावं : खांब कुठे, माती कुठे सैल, ऊन कोणत्या बाजूनं येतं. अर्धा तास आधी अंग गरम करणं, त्यानंतर सहा श्वास, मग प्रत्येकीनं आपला शब्द मनात म्हणायचा. तुकडी आत जाताना सरांनी एकच काम सांगायचं, “पहिले दोन खो फक्त खांदा बघ.”

सामना संपल्यावर, निकाल काहीही असो, परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली की वही काढायची. तीन ओळी. शिरपूरच्या फाट्यापर्यंत त्या लिहून होतात.